बोईर तरियावरचा वी-नाचा

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे वाहतं पाणी मोजण्याचा इतिहास आहे. ज्यांनी पाणी मोजलं त्यांची साम्राज्यं झाली. ज्यांनी ते नुसतं प्यायलं त्यांची तहान तेवढी भागली.

हे विधान शालिग्राम भुसारी यांचं. ते त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर केलं तेव्हा त्यांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि ते सगळं ऐतिहासिक पाणी खाली माझ्या अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर पडत होतं.

"भुसारी, किती आहे हो?" मी खालून ओरडलो.

"काय किती?"

"पाणी. मोजलं की नाही?"

त्यांनी कठड्यावरून वाकून धारेकडे बघितलं. "सेकंदाले पाव लिटर. अंदाजे," ते म्हणाले, आणि मग मोटार बंद करायला गेले.

रायपूरच्या गुढियारीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत आले, माझे वडील गोंदियाकडून रेल्वेत आले. मी स्वतः रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालो, त्यामुळे मला कुठल्याही वस्तूचं वजन चटकन कळतं, महत्त्व कळायला वेळ लागतो. भुसारी मात्र रेल्वेत गेले नाहीत. ते एका इंजिनीयरिंग कॉलेजात पाण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं इन्स्ट्रक्टर होते. प्राध्यापक फळ्यावर सांगायचे की पाण्यानं कसं वागायला पाहिजे, आणि भुसारी खाली प्रयोगशाळेत दाखवायचे की ते कसं वागतं. दोघांचं फारसं पटत नसे.

तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मीराबाई ढीमर आमच्या दोघांच्या सामाईक फाटकात येऊन उभी राहिली. मीराबाईला आमच्या मोहल्ल्यात, इथल्या भाषेत पाऱ्यात, सगळे ओळखतात. मागच्या बोईर तरियात, म्हणजे आमच्या तळ्यात, ती शिंगाडे लावते. तिची सासू लावायची, सासूची सासू लावायची. बाई वयानं पन्नाशीची, आवाजानं पंचविशीची. त्या दिवशी आवाज मात्र वयावर गेला होता.

तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता. "गुरुजी," ती भुसारींना म्हणाली, "ए कागद कहत हे, मोर तरिया मर गे. अउ मैं बिहनिया ओमा नहा के आवत हंव."

कागद म्हणत होता तळं मेलं, आणि बाई सकाळीच त्यात आंघोळ करून आली होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. पण कागदावर शिक्का होता, बाईवर नव्हता.

भुसारींनी चष्मा लावला. कागद शुद्ध सरकारी हिंदीत होता. शहरातल्या तळ्यांची पाहणी झाली होती. भर उन्हाळ्यात ज्या तळ्यातून सेकंदाला पाच लिटर तरी पाणी बाहेर पडतं, ते तळं 'जीवित'. कारण पाऊस नसताना पाणी बाहेर जातंय म्हणजे आत झरे जागे आहेत. पाचाच्या खाली असलेलं तळं 'मृतप्राय'. बोईर तरिया तीन दशांश आठ. म्हणून त्याचा उथळ अर्धा भाग भरून तिथे चौपाटी आणि पार्किंग होणार होतं. आक्षेप असल्यास एकतीस मेपर्यंत.

"उथला आधा मतलब मेरा ही," मीराबाई हिंदीत म्हणाली. "गहिरे पानी में सिंघाड़ा नहीं होता, गुरुजी."

"मीराबाई, आत झिरिया आहे ना अजून? झरा?" भुसारींनी तिला विचारलं. बेचैन झाले की ते कोणाशीही मराठीत बोलतात.

"हव. गोड़ ला ठंडा लगथे उहाँ." म्हणजे तिथे पायाला गार लागतं.

"मग तीन दशांश आठ काहून येते?" भुसारी म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. आतून कुमुदवहिनी म्हणाल्या, "पोहे झालेत." भुसारी म्हणाले, "पाणी पाहून येतो." वहिनींनी पोहे झाकून ठेवले. एकतीस वर्षांत त्यांनी बरेच पोहे झाकून ठेवले असावेत.

तळ्याच्या बांधाला एक मोरी आहे. तिच्यातून पाणी एका सिमेंटच्या चारीत पडतं आणि चारीतून खालच्या भाजीच्या बाड्यांना जातं. त्या चारीत कोणीतरी आडवा पत्रा बसवला होता. पत्र्याच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती आणि सगळं पाणी त्या खाचेतून पुढे पडत होतं. खाचेच्या अगदी काठाला एक स्टीलची पट्टी चिकटवलेली.

भुसारी उकिडवे बसले. मला वाटलं यांना चक्कर आली. पण ते हसत होते.

"शरदभाऊ, पट्टी कुठी लावली पाहा."

"खाचेला. मग कुठे लावायची? मोजायचं तर तिथेच ना."

"माह्या सगळ्या पोट्ट्यांनी पण दरवर्षी तिथंच लावली," ते म्हणाले. "नीट पाहा. पाणी इकडून कसं येऊन राहिलं? सपाट. ताठ. आणि खाचेजवळ आलं की?"

मी पाहिलं. हातभर मागे पाणी आरशासारखं सपाट होतं. खाचेच्या जवळ येताना मात्र ते हळूहळू खाली झुकत होतं आणि झुकूनच खाचेतून बाहेर पडत होतं.

"वाकतं," मी म्हणालो.

"वाकते ना! वाकल्यावर उंची मोजली तर कमीच भरंल. या उंचीले आमच्यात हेड म्हणतात. पाण्याचं डोकं. हे डोकं मागं मोजा लागते, जिथं पाण्याले अजून माहीत नसते की पुढं खाच आहे. जितकं डोकं, त्याच्या चौपट मागं."

"ए ददा, पानी के घलो मूड़ होथे?" मीराबाईनं विचारलं. पाण्यालाही डोकं असतं का, हा प्रश्न तिनं ज्या सुरात विचारला त्यावरून ऑफिसांबद्दल तिचं मत काय होतं ते कळलं.

पार्सल ऑफिसात मी छत्तीस वर्षं काढली. साहेबाच्या केबिनच्या दारात भलेभले ताठ लोक मी वाकताना पाहिले. माणसाची खरी उंची मोजायची तर ती दारात मोजून चालणार नाही. साडेपाच फुटांचा माणूस असेल तर चौपट म्हणजे बावीस फूट मागे, पार व्हरांड्यात जाऊन मोजायला हवी. मला त्या दिवशी पहिल्यांदा भुसारींचं शास्त्र समजलं.

"पण असा किती फरक पडणार? बोटभर?" मी म्हटलं.

"इथं बोटभरातच मरण आहे. खाच अशी आहे की डोकं दुप्पट झालं तर पाणी साडेपाच पटीच्या वर जाते. साडेनऊ सेंटीमीटर धरलं त्यांनी, म्हणून तीन दशांश आठ. मागं अकरा भरलं तर साडेपाच." त्यांनी मीराबाईकडे बघितलं. "साडेपाच म्हणजे जीवित."

मीराबाईनं कागदाची पिशवी पदरात खोचली.

मीराबाईचा आक्षेप आम्ही त्याच दिवशी रवाना केला. आता सार्वजनिक तळ्यावर अधिकाऱ्यांसमोर पुन्हा मोजमाप करायचं तर परवानगी हवी. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं हिंदी रेल्वेचं आहे आणि रेल्वेच्या हिंदीला कोणी नाही म्हणत नाही. मी फोनवर अर्ज टंकला. विषय: बोईर तरिया पर वी-नॉच में जल-शीर्ष मापन कार्यक्रम की अनुमति. 'जल-शीर्ष' हा पाण्याच्या डोक्याला भुसारींनी कुठल्याशा शब्दकोशातून काढलेला शब्द. 'नॉच' म्हणजे इंग्रजीत खाच. त्या शब्दातली वरची चंद्रकोर मात्र माझ्या फोनला कुठे सापडेना. शेवटी मी 'नाच' लिहिलं आणि मनात म्हटलं, समजेल.

नवा रायपूरला जायला बसची वाट पाहण्यात एक पिढी जाते. मी पोचलो तेव्हा काउंटरवरचे सद्गृहस्थ डबा उघडायच्या बेतात होते. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. तिथली माणसं चांगली आहेत.

त्यांनी अर्ज वाचला. "वी नाच?"

"हव," मी म्हणालो.

"नाच नहीं भैया. अपने छत्तीसगढ़ में नाचा बोलते हैं." त्यांनी माझ्या 'च'ला लाल शाईनं काना दिला.

मला वाटलं हा हिंदीतला पारिभाषिक शब्द असेल. सरकारी हिंदीत गेल्यावर प्रत्येक शब्द थोडा लांबतोच.

"कितने लोग रहेंगे?"

"पाँच-छह."

"बस? इतने में कैसे होगा?"

"हो जाएगा. एक पट्टी पकड़ेगा, एक पढ़ेगा, बाकी देखेंगे."

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे अतिशय करुणेनं बघितलं. "क्या दिन आ गए," ते म्हणाले. "हमारे गाँव में रात-रात भर चलता था. तीन-तीन हजार लोग."

पाणी मोजायला तीन हजार लोक! मला छत्तीसगढबद्दल फार आदर वाटला. त्यांनी अर्जाच्या समासात काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, आपण निश्चिंत राहा, वरपर्यंत पाठवतो.

परवानगी अठ्ठावीस मेला आली. भुसारींनी ती मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज पाण्यासारखाच झुकत गेला. 'जल-शीर्ष' नामक नाचा या लोकनाट्याच्या प्रयोगास तीस मे रोजी सायंकाळी पाच ते रात्री दहा अनुमती देण्यात येत होती. अटी: एक, अश्लील संवाद नसावेत. दोन, ध्वनिक्षेपक मर्यादेत असावा. तीन, विक्रेत्यांनी कचरा करू नये. चार, धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी शिंपडावे. खाली शेरा होता: लुप्त होती लोककला, प्रोत्साहन दिया जाए. त्यासाठी मंडप आणि एक मंडळी कार्यालयाकडूनच येणार होती.

नाचा म्हणजे आमच्याकडच्या खेड्यांतलं गाण्या-नकलांचं नाटक. ज्याला ते माहीत नाही असा पाऱ्यात एकही माणूस नाही. माहीत असूनही ज्याच्या डोक्यात आलं नाही असा मात्र मी एकटाच होतो.

"शरदभाऊ," भुसारी शांतपणे म्हणाले, "मले आता नाचा लागते का?"

"मी उद्या जाऊन दुरुस्ती..."

"उद्या एकोणतीस. परवा तीस. तेरवा मुदत खतम. बस कधी येईल तुमची?" ते कागद उलटसुलट करत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रयोगशाळेतलं हसू आलं. "यात पाणी मोजू नका असं कुठं लिहिलं आहे?"

"नाही लिहिलं."

"मग झालं. मोजू. त्या सर्वेवाल्या पोरीले मीराबाईचा आक्षेप गेलाच आहे, ती येईल."

तीस तारखेला पाच वाजता बोईर तरियाच्या काठावर चारएकशे माणसं बसली होती. चटया, पाण्याच्या बाटल्या, पंख्यांसाठी पुठ्ठे, शेंगदाणेवाला, दोन पोलीस. मंडप लागला होता, तबला ठोकून बघणं चालू होतं, पेटी सूर धरत होती. भुसारी हातात सहा फुटी काठी, एक आखलेली पट्टी आणि गवंड्याची पारदर्शक नळी घेऊन चारीपाशी उभे होते. लोक त्यांना मंडळीतलेच समजत होते.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून टॅब्लेट घेतलेली एक तरुणी उतरली. ज्ञानदा खैरनार, मूळची नाशिकची, राजधानीतल्या एका सल्लागार संस्थेत आठ महिन्यांपासून. तळ्यांची पाहणी हिनंच केली होती.

"भुसारी काका तुम्हीच का? मला पुनर्मोजणीला बोलावलंय. हे काय चाललंय?"

"तेच चालून राहिलं."

"आणि तबला?"

"तो शासनाकडून."

ज्ञानदा माझ्याकडे वळली. मी तळ्याकडे वळलो.

"बेटा, एक सांग," भुसारींनी विचारलं. "पट्टी पत्र्यालेच काहून लावली?"

तिचा चेहरा पडला. "मागे चिखल होता, काका. गुडघ्यापर्यंत पाय जात होता. एका दिवसात अकरा तळी करायची होती. मला वाटलं, एखाद्या सेंटीमीटरनं असा काय..." ती थांबली. बहुधा सूत्रात डोक्यावर बसलेला अडीच हा घात तिला त्याच क्षणी आठवला. तोंडातल्या तोंडात तिनं काहीतरी मोजलं आणि मीराबाईकडे बघितलं. मीराबाई तिच्याकडेच बघत होती.

"चार जनाले समजावून मोजू," भुसारी म्हणाले आणि मंडपाच्या माइकवर गेले. एकतीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेला कधी इतकी हजेरी नव्हती. त्यांनी हिंदीत सुरुवात केली. "मित्रो, तीक्ष्णधार त्रिकोणी खाच से बहने वाले जल का निर्गम..."

"परी कब आही?" मागून कोणीतरी ओरडलं. नाच्यात पुरुषच बाईचा वेष करून परी होतात, आणि लोक तिचीच वाट पाहतात. शिट्ट्या झाल्या. भुसारी पुढचं वाक्य बोलले, शिट्ट्या वाढल्या. पोलीस उठून उभे राहिले.

मंडळीतला जोक्कड, म्हणजे नाच्यातला विनोदी सोंगाड्या, फिरंता नावाचा एक काटकुळा माणूस होता. त्यानं चेहऱ्याला पांढरा रंग फासलेला होता. तो माझ्याजवळ आला. "बबा, ए गुरुजी काय कहना चाहत हे?"

मी त्याला साहेबाच्या दाराची गोष्ट सांगितली. दोन मिनिटं लागली. त्याला अर्धंच पुरलं.

फिरंतानं एका गड्याला मधे खुर्चीवर साहेब म्हणून बसवलं आणि स्वतः मैदानाच्या टोकाला गेला. छाती पुढे, मान वर, मिशीवर ताव. "मैं पानी आंव!" तो गरजला, "मोर मूड़ देख!" आणि चालत निघाला. ऐटीत. साहेबापासून दहा पावलांवर त्याची मान किंचित खाली आली. पाच पावलांवर खांदे. दोन पावलांवर तो कमरेत मोडला, आणि साहेबाच्या पायांमधून सरपटत पलीकडे गेला. साहेबानं वरून पट्टी लावली आणि जाहीर केलं, "साढ़े तीन फुट! मरगे!"

चारशे माणसं हसली. एक पोलीस इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. भुसारींनी माइक हातात धरलेलाच होता. तो खाली न ठेवता ते नुसते बघत राहिले. "हे मी एकतीस वर्षं समजावून राहिलो होतो," ते मला म्हणाले. "याले चार मिनिटं लागली."

मग मोजणी सुरू झाली आणि लोक चटया सोडून चारीभोवती आले. गवंड्याच्या नळीनं भुसारींनी आधी खाचेच्या खालच्या टोकाची पातळी हातभर मागच्या काठीवर आणली आणि तिथे पट्टीचं शून्य लावलं. ज्ञानदानं बूट काढले, सलवार वर खोचली आणि ती चिखलात उतरून काठीला पट्टी धरून उभी राहिली. पाणी स्थिर झालं.

"वाच," भुसारी म्हणाले.

"दहा... दहा पूर्णांक पाच."

"नीट वाच."

"साडेदहाच आहे, काका."

भुसारींनी डोळे मिटले. त्यांना गणकयंत्र लागत नव्हतं. "चार दशांश नऊ," ते म्हणाले.

पाचाला दशांश एक कमी. जमलेल्यांना आकडा कळला नाही, पण भुसारींचा चेहरा कळला.

मीराबाई पुढे झाली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, ग्यारा लिख देव ना. आधा सेंटीमीटर त हे. कोन देखत हे?"

ज्ञानदा पाण्यात उभी होती. तिनं पण भुसारींकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी अकरा म्हटलं असतं तर तिनं अकरा लिहिलं असतं. मीही साक्षीला होतो, आणि पार्सल ऑफिसात मी आयुष्यभर जे वजन सांगितलं तेच कागदावर लिहिलं, असं शपथेवर म्हणू शकत नाही.

"नहीं मीराबाई," भुसारी म्हणाले. "मैं आधा सेंटीमीटर झूठ लिखूँ, तो इनका साढ़े नौ भी सच मानना पड़ेगा."

मीराबाई मागे सरली. चारीच्या कडेनं मंडपाकडे चालायला लागली आणि दहा पावलांवर थांबली. तिनं पायाखाली बघितलं. मग वाकून माती हातात घेतली. माती ओली होती. तीस मे, संध्याकाळचे साडेपाच, बेचाळीस अंश उष्णता, आणि मैदानावर चिखल.

"ए पानी कहाँ ले आवत हे?" तिचा पंचविशीचा आवाज परत आला होता.

सगळ्यांनी मंडपाकडे बघितलं. मंडपवाला एक काळा पाइप घेऊन निवांत पाणी मारत होता. मीराबाई पाइपाच्या मागोमाग निघाली. पाइप मंडपाच्या मागून गेला, शेंगदाणेवाल्याच्या गाडीखालून गेला आणि बाभळीच्या सावलीत एका लहानशा मोटारीपाशी पोचला. मोटार इतका वेळ पेटीच्या सुरात सूर मिसळून चालू होती. तिची दुसरी नळी चारीत होती. मोरी आणि खाच यांच्या मधोमध.

"बंद कर!" मीराबाई ओरडली.

"काबर बंद करंव?" का म्हणून बंद करायचं, म्हणून मंडपवाला दुखावला. त्यानं खिशातून परवानगीची प्रत काढली. "शर्त नंबर चार. पानी मारना हे. लिखाय हे."

भुसारी धावत आले. गेल्या दहा वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. "किती एचपीची? अर्ध्या?" ते वाकून मोटारीची पाटी वाचायला लागले. "सेकंदाले अर्धा-पाऊण लिटर हीच घेऊन राहिली! बंद कर बाबा, बंद कर, आता नाच्याले धूळ उडू दे!"

माझ्या 'नाच'वरच्या एका कान्यानं तळ्याला काय काय दिलं होतं ते एव्हाना मला कळलं होतं. मी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो.

मोटार थांबली. पेटीवाल्यानंही उगीचच पेटी थांबवली. सगळे पुन्हा चारीभोवती आले. पाणी आधी काहीच करेना. मग पट्टीच्या रेघेवर ओली कड चढली, तिथेच थांबली, आणि मग कोणी बघत नाहीसं बघून थोडी वर सरकली.

"दहा पूर्णांक सात," ज्ञानदा म्हणाली. "आठ. आठच. नऊ."

फिरंताचा अर्धा रंग घामानं वाहून गेला होता. तो हळूच पाण्याला म्हणाला, "चढ़ ना रे, साहब नइ ए."

"अकरा," ज्ञानदा म्हणाली. मग पाच मिनिटं तिनं पट्टी सोडली नाही. "अकराच. स्थिर."

"साडेपाच," भुसारी म्हणाले आणि बांधावर बसून घेतलं.

मीराबाईला मराठी बोलता येत नाही, पण साडेपाच तिला कळलं. तिनं ज्ञानदाला हात देऊन चिखलातून वर ओढलं. ज्ञानदाचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले होते.

"एका वाचनावर मी अहवाल बदलू शकत नाही, काका," ज्ञानदा म्हणाली. भुसारींनी मान हलवली. त्यांना हे आवडलं असावं. "सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पट्टी आता इथेच राहील, मागे. आणि मी स्वतः येईन. बाकीच्या दहा तळ्यांवरही जाईन." ती जरा थांबली. "तिथेही पत्र्यालाच लावलीय."

"तिथं पण चिखल असेल."

"असेल."

त्यानंतर नाचा झाला. ठरवून दिलेल्या वेळेत आणि बराचसा अटींमध्ये. परी आली तेव्हा इतकी धूळ उडाली की पोलिसांना दिसेना.

ज्ञानदा सातही दिवस आली. पहिल्या दिवशी गाडीनं, मग कोणाच्या तरी स्कूटीवर, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी आधी कुमुदवहिनींकडे, मग तळ्यावर. तिच्याशी मराठी बोलताना भुसारी मुद्दाम शुद्ध बोलायला जायचे आणि ती मुद्दाम 'करून राहिले' म्हणायची. चौदा वाचनांत कमीत कमी दहा पूर्णांक आठ होतं. ते पाचाच्या वर बसतं. एक वाचन सव्वाअकराचं होतं. त्या दिवशी कोणीतरी खाचेत पळसाची पत्रावळ अडकवून ठेवली होती. भुसारींनी ते वाचन स्वतः खोडलं. मीराबाईनं पत्रावळीबद्दल आपल्याला काहीच माहीत नसल्याचं न विचारताच सांगितलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. भुसारींनी ते घरात उघडलं नाही. इस्त्रीचा सदरा घातला, मला बरोबर घेतलं, वाटेत जो भेटला त्याला बरोबर घेतलं, आणि तरियाच्या पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरून पाकीट फोडलं. मीराबाई समोरच कमरेइतक्या पाण्यात होती.

"बोईर तरिया," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पुनर्मापन के आधार पर, 'जीवित' श्रेणी में सम्मिलित किया जाता है. भराव का प्रस्ताव निरस्त."

वरच्या पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. कोणीतरी भुसारी गुरुजींचा जयजयकार केला. भुसारींनी पत्राची घडी घातली, घसा साफ केला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "मित्रो, आज जो हुआ, वह केवल एक तालाब की बात नहीं है. मनुष्य जब पहली बार नदी के किनारे खड़ा हुआ, तब उसके मन में जो प्रश्न उठा..."

"गुरुजी," मीराबाई पाण्यातून म्हणाली. तिच्या एका हातात शिंगाड्याच्या कोवळ्या वेलांची जुडी होती, दुसऱ्या हातानं ती भुसारींच्या पायापाशी काहीतरी ओढत होती.

"हव, मीराबाई?"

"थोरिक घुच जा ना. मोर नार ह तुंहर गोड़ तरी चपकाय हे."

भुसारींनी खाली बघितलं, आणि वेलावरचा पाय उचलला.